गाठीच्या पट्टीवरचा हायड्रोजन

"पाणी तोडाचं म्हणजे तू नेमकं काय करतं?" बाबांनी विचारलं. ते वाडीत मेथीच्या जुड्या बांधत बसले होते आणि मी त्यांच्यासमोर बांधावर.

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहराच्या मागच्या अंगाला आमची भाजीची वाडी होती. बाबा पिकवायचे, आई बाजारात बसून विकायची. नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर, पन्नासचं दशक संपता संपता, मला अमरावतीच्या एका कॉलेजात मुलांकडून प्रयोग करून घेण्याची नोकरी लागली होती. नोकरी सांभाळून मी पीएच.डी. करणार, हे सांगायला मी त्या सुट्टीत घरी आले होते. आईला ते आवडलं नव्हतं. ती म्हणाली, "अजून शिकली त तुले साधा मास्तरही नवरा म्हनून मिळणार नाई." बाबा मात्र विषय समजून घ्यायला बसले होते.

मी सांगितलं, "पाण्यात दोन पत्रे बुडवायचे आणि वीज सोडायची. पाणी तुटतं. एका पत्र्यावर हायड्रोजन निघतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. हायड्रोजन जळतो, आणि जळला की त्याचं पुन्हा पाणीच होतं. धूर नाही, राख नाही."

विहिरीवर आमचं तेलावर चालणारं इंजिन होतं. त्याच्या काळ्या धुराने शेजारचं लिंबाचं झाड एका बाजूने काळवंडलं होतं. बाबांनी तिकडे पाहिलं.

"मंग त्याच्यावर माहं इंजिन चालन का?"

"आज नाही चालणार, बाबा. पण चालू शकतं."

"अन् वीज कुठून आनशीन?"

"वाऱ्यावर करता येते. उन्हापासूनही करता येईल म्हणतात."

"ऊन त आपल्याकडं लयच हाय," बाबा म्हणाले आणि पुढची जुडी बांधायला घेतली. "कर मंग."

अडचण अशी होती की पाणी तोडायला हिशेबाने जेवढी वीज लागायला हवी, त्यापेक्षा बरीच जास्त लागते. ही जास्तीची वीज पत्र्यांच्या पृष्ठभागावर वाया जाते. प्लॅटिनमच्या पत्र्यावर हायड्रोजन अगदी सहज सुटतो, पण प्लॅटिनमच्या किमतीत वाडी विकत आली असती. साध्या लोखंडावर तोच हायड्रोजन अडून बसतो, त्याला जोर लावावा लागतो. लोखंडासारखा स्वस्त आणि प्लॅटिनमसारखा चांगला पत्रा तयार करायचा, एवढंच माझं काम होतं. माझे मार्गदर्शक नागपूरला होते. वयाने मोठे, आवाजाने हळू, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तुम्ही म्हणणारे. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो.

लोखंड मी अमरावतीतच शोधलं. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठींना लोखंडी पट्ट्या आवळतात, त्यांचे तुकडे तिथे कोपऱ्यात पडलेले असायचे. मी मागितल्यावर तिथल्या फिटरने पिशवीभर दिले. ही पट्टी घासून, तेल काढून, तिच्यावर निकेल आणि जस्त एकत्र चढवायचं. मग ती कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवायची. कॉस्टिकमध्ये जस्त विरघळून जातं आणि निकेल मागे राहतं, पण स्पंजासारखं, भोकाभोकांचं. अशा पत्र्यावर हायड्रोजनला सुटायला जागा जास्त मिळते, असा माझा अंदाज होता.

समोरचा पत्रा, जिथे ऑक्सिजन निघतो, तो प्लॅटिनमचा. सरांनी तो स्वतःच्या प्रयोगशाळेतून मला वापरायला दिला होता. बोटाच्या पेराएवढा, कापसात गुंडाळलेला, पत्र्याच्या छोट्या डबीत. त्या काळी सगळेच असं करत. अशा द्रावणात प्लॅटिनम विरघळत नाही, म्हणून समोरच्या बाजूला तेच ठेवायचं, म्हणजे तिकडून काही घाण येणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. शिपायांना तिथे सगळे मामाच म्हणत, पण हे खरोखर मामासारखे होते. पन्नाशीचे, हिवरखेडकडचे, चौथी शिकलेले. काचेची भांडी त्यांच्याइतकी स्वच्छ धुणारा माणूस मी पुढेही पाहिला नाही. अमरावतीचा उन्हाळा हा आमचा पहिला शत्रू होता. प्रयोग सगळे एकाच तापमानावर झाले पाहिजेत, आणि बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला. मी आणि मामा पहाटे साडेपाचला कॉलेज उघडायचो. प्रयोगाचं भांडं ठेवलेल्या टबाभोवती ओली पोती, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, आणि टबात बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळून आणलेला बर्फ. मामा थर्मामीटर वाचायला शिकले होते. "बाई, अर्धा डिग्री चढला," ते ओरडायचे आणि बर्फाचा खडा टाकायचे. दहा वाजले की माझे वर्ग सुरू व्हायचे. तोवर जेवढं मोजून होईल तेवढं व्हायचं. वीज जाईल म्हणून प्रयोग मी बॅटऱ्यांवर चालवायची. त्या आठवड्याला दोनदा चार्ज करायला मोटारगॅरेजमध्ये न्याव्या लागत, आणि मामा त्या सायकलच्या कॅरिअरवर, आम्लाचा थेंब न सांडता, घेऊन जात.

पहिलं वर्ष हात बसण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी पत्रे चांगले व्हायला लागले. आणि मग ती गोष्ट घडली. एका पत्र्यातून मी वीज सलग चालू ठेवली आणि रोज सकाळी मोजणी घेतली. वाया जाणारी वीज रोज थोडी कमी होत गेली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माझी चूक असेल. दुसऱ्या आठवड्यात दुसरा पत्रा लावला. तोही तसाच सुधारत गेला. तिसराही. महिन्याभरात माझी गाठीची पट्टी जवळजवळ प्लॅटिनमसारखी वागायला लागली. पांढरे बारीक बुडबुडे दुधासारखे वर येत होते, आणि मी खुर्ची ओढून नुसती बघत बसायची.

सर अमरावतीला स्वतः आले. त्यांनी वही तपासली, एक मोजणी स्वतः घेतली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, असं काम आपल्या भागातून याआधी झालेलं मला माहीत नाही." निबंध आम्ही दोघांनी लिहिला. त्यांनी तो परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. मी अकोल्याला जाऊन बाबांना सांगितलं. त्यांना तपशील कळला नाही, पण त्यांनी त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला सांगितलं की माझ्या पोरीला जमलं.

निबंध जाऊन महिना झाला असेल. सरांचं पत्र आलं की प्लॅटिनमचा पत्रा दुसऱ्या विद्यार्थ्याला हवा आहे, परत पाठवा. मी डबी नागपूरला पोचवली आणि समोरच्या बाजूला काय वापरावं याचा विचार करू लागले. वीज वाहावी म्हणून आम्ही पाण्यात कॉस्टिक घालायचो, आणि कॉस्टिकमध्ये निकेल टिकतं. शुद्ध निकेलचा पत्रा मुंबईहून मागवायचा तर महिने गेले असते. तेव्हा मला आठवलं की आपला रुपया शुद्ध निकेलचा आहे. लोहचुंबकाला चिकटायचा तो. मी एक रुपया सराफ्यातल्या सोनाराकडे नेला आणि त्याचा पातळ पत्रा काढून मागितला. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, चालता रुपया ठोकता?" मी कॉलेजचं काम म्हटल्यावर तयार झाला. पुन्हा पुन्हा तापवत, रूळातून काढत, घाम गाळत त्याने तो पत्रा केला.

रुपयाचा पत्रा लावून मी नवीन पट्टी सुरू केली. पहिल्या दिवशी मोजणी ठीक. दुसऱ्या दिवशी तीच. आठव्या दिवशीही तीच. सुधारणा काहीच नाही.

मी पट्ट्या बदलल्या. कॉस्टिकची नवी बाटली फोडली. पाणी पुन्हा दोनदा ऊर्ध्वपातित केलं. काही फरक पडेना. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला आणि मी मामांवर घसरले. भांडी नळाच्या पाण्याने धुतलीत, शेवटी शुद्ध पाणी फिरवलं नाही, असं मी त्यांना चार विद्यार्थ्यांच्या देखत बोलले.

मामांनी हातातली नळी पुसून स्टँडला लावली. विद्यार्थी गेल्यावर जवळ आले. "बाई, एक बोलू का? राग नका मानू. भांडे तेच, पानी तेच, धुनारा मी तोच. बदललं काय, ते पाहा ना. बदलला तो तुमचा समोरचा पत्रा."

मला त्या क्षणी त्यांचं बोलणं झोंबलं. मी म्हणाले, "मामा, समोरच्या पत्र्याचा इकडे काय संबंध?" आणि बोलता बोलताच थांबले. संबंध नाही, हे मी कुठे तपासलं होतं? ते मी वाचलं होतं.

त्या दुपारी मी वर्ग दुसऱ्याकडे दिला आणि जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांपैकी एक घेतली. तिच्यावरचा थर, सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात विरघळवला. शेजारी रुपयाच्या पत्र्यासमोर चाललेल्या पट्टीचा थरही तसाच विरघळवला. दोन्ही द्रावणं निकेलमुळे हिरवट. दोन्हीत कथिलाचं क्लोराइड टाकलं आणि वरून थोडा ईथर घालून नळ्या हलवल्या. प्लॅटिनम असेल तर वरच्या थराला रंग येतो, ही परीक्षा मी दर वर्षी पुस्तकातून शिकवायची, केलेली मात्र कधी नव्हती.

रुपयाच्या नळीत वरचा थर पाण्यासारखा स्वच्छ राहिला. दुसऱ्या नळीत तो नारिंगी झाला. वरुडच्या संत्र्यासारखा, स्वच्छ, सुंदर नारिंगी.

मी नळी उजेडात धरून उभी राहिले. माझ्या पट्टीने काहीच केलं नव्हतं. समोरचं प्लॅटिनम कणाकणाने विरघळत होतं, द्रावणातून इकडे येत होतं आणि माझ्या पट्टीवर बसत होतं. मी महिनाभर प्लॅटिनमच मोजत होते.

तरी खात्री हवी होती. ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखण्याच्या प्रयोगासाठी मुलं काचेच्या दांडीत बसवलेल्या प्लॅटिनमच्या तारा वापरतात. तशा सहा तारा मी एकत्र बांधून समोरचा पत्रा केला, आणि इकडे अगदी साधी, निकेल न चढवलेली गाठीची पट्टी लावली. साध्या पट्टीवर मी आधी फक्त तासभर मोजणी करून तिला बाजूला ठेवलं होतं. महिनाभराच्या पत्र्याशी तासाभराच्या पट्टीची तुलना, ही माझी चूक. या वेळी पंधरा दिवस चालवली. ती गंजकी पट्टीही रोज सुधारत गेली.

मामांची माफी मी त्याच चार विद्यार्थ्यांना बोलावून मागितली. मामा लाजले. "असू द्या ना बाई. पन निघालं काय ते त सांगा." मी सांगितलं. त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्हंजे हिच्या अंगावर दुसऱ्याचा दागिना होता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी नागपूरला गेले. दोन्ही नळ्या, बूच घट्ट लावून, रुमालात गुंडाळून पिशवीत. सरांनी त्या पाहिल्या. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी लावल्या.

"निबंध छापायला स्वीकारलाय त्यांनी," शेवटी ते म्हणाले. "परवा पत्र आलं."

"परत घ्यावा लागेल, सर."

"थांबा. घाई करू नका. आपण लिहिलंय काय? अशा पट्टीवर, समोर प्लॅटिनम असताना, अशा मोजण्या येतात. त्यातला एक आकडा तरी खोटा आहे का?"

"नाही."

"मग? कारण पुढच्या निबंधात देऊ. तुमच्या दोन वर्षांचं काय होईल याचा विचार करा. तुम्हाला घरून किती सवलत आहे, मला माहीत आहे."

खरं सांगते, तो मार्ग मला दोन मिनिटं बरा वाटला. आईचं बोलणं आठवलं. कॉलेजात ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांची तोंडं आठवली. पण त्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात आम्ही लिहिलं होतं की हा पत्रा स्वस्त आहे. कुणीतरी कुठेतरी ते वाचून गाठीच्या पट्ट्यांमागे वर्षं घालवणार होतं.

"आकडे खरे आहेत, सर," मी म्हणाले, "पण वाचणारा त्यातून जे समजेल ते खोटं आहे. मी परत सुरुवात करते."

सर उठून खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे करूनच म्हणाले, "पत्रा मी दिला होता. तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवतोय की प्लॅटिनम विरघळत नाही." मग टेबलाशी येऊन कागद पुढे केला. "पत्र तुम्ही लिहा. सही मी आधी करतो." आणि मजकूर लिहिण्यापूर्वीच त्यांनी खाली सही केली.

परतताना मी बडनेऱ्याला न उतरता तशीच अकोल्याला गेले. बाबांना सांगणं सर्वांत कठीण होतं, कारण त्यांनी गावभर सांगितलं होतं. ते काकडीच्या वेलांना पाणी देत होते. ऐकून घेतलं.

"म्हंजे खोटं निघालं?"

"खोटं नाही. चुकलं."

"कोनं पकडलं?"

"मीच."

त्यांनी पाण्याचा पाट पायाने वळवून दुसऱ्या सरीत सोडला. "दुसऱ्यानं पकडलं असतं त तोंड लपवाची पाळी होती. आता काऊन तोंड पाडून बसली? परत पेर."

आई आतून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता लग्नाचं काढेल. ती बाहेर आली, माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेव आधी. किती वर्सं लागतीन?" मी म्हणाले, तीन. "तीन त तीन. पन मधात थांबशीन नको." एवढंच.

तीन नाही, चार लागली. या वेळी मी प्रयोगशाळेत प्लॅटिनमला बंदीच घातली. मुलांच्या तारासुद्धा दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. समोर रुपयाचा पत्रा, द्रावण दोन कप्प्यांत, मध्ये सच्छिद्र मातीची भिंत. प्रत्येक पट्टी शेवटी विरघळवून तपासायची, हा नियम. पहिले काही महिने वहीत नुसते सारखेच आकडे येत राहिले. काही सकाळी मला प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला नको वाटे. मामा मात्र आधीच येऊन पोती भिजवत उभे असत, मग उघडावंच लागे. निकेल-जस्ताचं प्रमाण बदललं, चढवण्याचा वेग बदलला, कॉस्टिकची उष्णता बदलली. पट्ट्यांचे थर पापुद्र्यासारखे निघून यायचे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक थर टिकला. हायड्रोजन लोखंडापेक्षा त्याच्यावर स्पष्ट सहज सुटत होता. प्लॅटिनमच्या जवळपासही नाही, पण सहज. आणि महिनोन्‌महिने तसाच सुटत राहिला. विरघळवून पाहिलं. वरचा थर पाण्यासारखा स्वच्छ.

बाबा एकदा मुद्दाम बघायला अमरावतीला आले. मी परीक्षानळीत वायू भरून तोंडाशी काडी नेली. टप्पकन आवाज झाला. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग नळीच्या आत बोट घालून पाहिलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. "वलं हाय," ते म्हणाले. पाणी परत झालं होतं.

प्रबंधात मी एक परिशिष्ट जोडलं. त्यात पहिल्या दोन वर्षांचं सगळं काम, कसं चुकलं आणि कसं कळलं, मोजण्यांसकट. सरांनी विचारलं, हे हवंच का. मी म्हणाले, हवं. त्यांनी हो म्हटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी मुख्य प्रबंधावर थोडेच प्रश्न विचारले. हायड्रोजन साठवून कुणाचं काय भलं होणार, असंही एकदा विचारलं. मी म्हणाले, ऊन आणि वारा हवे तेव्हा मिळत नाहीत, आणि आमच्या विहिरींना पाणी ओढायला रोज लागतं. त्यावर ते हसले नाहीत. मग त्यांनी परिशिष्ट उघडलं आणि तासभर त्यावरच राहिले. किती दिवसांत, कुठल्या द्रावणात, रंग किती गडद, तारांचं वजन आधी आणि नंतर. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला.

"माझ्याकडे दोन विद्यार्थी आहेत," ते म्हणाले. "दोघांचे पत्रे हळूहळू सुधारतायत. मी गेल्याच महिन्यात त्यांचं कौतुक केलं." परीक्षकांनी मला विचारलं, ईथरऐवजी दुसरं काही चालतं का. मी सांगितलं, आणि त्यांनी ते आपल्या डायरीत लिहून घेतलं.

पदवी मिळाली. पुढे काही महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. एका विद्यार्थ्याच्या पट्ट्या नारिंगी निघाल्या होत्या, दुसऱ्याच्या नाही. दुसऱ्याचं काम खरं होतं. तो त्या दिवशी फार आनंदला, असं त्यांनी लिहिलं होतं.

परीक्षकांनी त्या दिवशी जाता जाता आणखी एक प्रश्न विचारला होता, की आता पुढे काय. मी म्हणाले होते, ऑक्सिजनची बाजू. तिथे वीज हायड्रोजनपेक्षाही जास्त वाया जाते आणि तिकडे मी अजून नीट पाहिलेलंच नाही. त्यानंतरच्या सोमवारी पहाटे मी आणि मामांनी प्रयोगशाळा उघडली. मी वहीचं नवं पान काढलं, आणि मामांनी विचारलं, "बाई, आज कोनता पत्रा धुवू?"